विंडो टाकून घ्या

आमच्या नगरात कॉम्प्युटरला रोग दोनच होतात. एक 'हँग होतोय' आणि दुसरा 'व्हायरस आलाय'. पहिला बरा होईना की तो मुळात दुसराच होता असं ठरतं. औषध मात्र दोन्हींवर एकच. दुरुस्तीवाला सीपीयूचं झाकण काढतो, ब्रशने पंख्यातली धूळ झाडतो, रॅमची पट्टी उपसून तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने पुसतो, पट्टी परत खटकन बसवतो आणि मग खुर्चीत मागे रेलून सांगतो, "सर, विंडो टाकून घ्या."

विंडो टाकली की सी ड्राइव्हवरचं सगळं जातं. डेस्कटॉपवर ठेवलेले बारशाचे फोटो जातात, सोसायटीच्या हिशेबाच्या फाइली जातात, इयत्ता नववीचा चाचणीचा पेपर जातो. पण मशीन पळायला लागतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. अशा गावात राहून मी परवा एक गेम डाउनलोड केला.

वय सांगत नाही. मुलीचं लग्न होऊन गेलंय, एवढं पुरे. गेमचं नाव रोड रॅश. विंडोजवर तो १९९६ साली आला आणि त्यानंतर कितीतरी वर्षं सायबर कॅफेतल्या पोरांनी त्याच्यासाठी क्लास बुडवले. यात मोटारसायकल भरधाव हाणायची, शेजारून जाणाऱ्याला लाथ घालायची, जमलं तर त्याच्याच हातातली साखळी हिसकावून त्यालाच बडवायचं आणि मागून पोलीस आला की निसटायचं. मी सावेडीतून रोज मोटारसायकलवर राहुरीला शाळेत जातो. "नगर-मनमाड रस्त्यावरून येणं-जाणं करणाऱ्या माणसाला हा गेम वेगळा कशाला लागतो?" असं सौभाग्यवतींनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पण गेममध्ये खड्डे नाहीत.

हा गेम आता दुकानात मिळत नाही, त्यामुळे तो जिथे मिळतो तिथे जावं लागतं. त्या पानावर डाउनलोडची पाच बटणं होती. पाचही हिरवीगार, पाचही टपोरी, आणि दोन तर उड्या मारत होती. पाचातलं एकही खरं नव्हतं. खरी लिंक पानाच्या पार तळाशी, दोन जाहिरातींच्या बेचक्यात, मुंगीच्या अक्षरांत निळी अंग चोरून बसलेली. ती सापडेपर्यंत एक लाल चौकोन उघडून ठणाणा करायला लागला, की अहमदनगर येथील तुमच्या कॉम्प्युटरमध्ये गंभीर व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब इथे दाबा. जिल्ह्याचं नाव २०२४ सालीच अहिल्यानगर झालंय. ज्याला माझ्या हार्ड डिस्कच्या पोटातलं दिसतं त्याला शासनाचं राजपत्र दिसू नये, हे पटेना. मी तो चौकोन बंद केला.

फाइल उतरली. सेटअप डॉट ईएक्सई. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये ती येऊन बसली आणि माझी झोप उडाली. तिच्यावर दोनदा क्लिक करायचं की नाही? आत गेम असेल तर ठीक. गेम आणि शिवाय आणखी कुणी असेल तर? पासवर्ड उचलणारं कुणी, बँकेत डोकावणारं कुणी, किंवा माझ्या विजेवर स्वतःसाठी बिटकॉइन दळत बसणारं कुणी? असले दळणारे फार सभ्य असतात म्हणे. काही नेत नाहीत, काही मोडत नाहीत, फक्त पंखा घोंघावत राहतो आणि महिनाअखेर लाइट बिल येतं.

गेमवर संशय घेणं ही काही माझी मास्तरकी खोड नव्हे. या संशयाला इतिहास आहे. १९७५ च्या सुमाराला अमेरिकेत जॉन वॉकर नावाच्या गृहस्थाने युनिव्हॅकच्या कपाटाएवढ्या कॉम्प्युटरसाठी 'ॲनिमल' नावाचा गेम लिहिला. तुम्ही मनात एक प्राणी धरायचा, गेम प्रश्न विचारत विचारत तो ओळखणार. गेम इतका आवडला, की लोक टेपवर घालून पाठवा म्हणून मागे लागले. रोज पोस्टात जायचा कंटाळा आला म्हणून वॉकरने त्याला एक शेपूट जोडलं. तुम्ही 'चार पायांचा आहे का?' या प्रश्नात गुंतलेले असताना ते शेपूट गुपचूप तुमचे इतर फोल्डर चाळायचं आणि तिथे गेमची एकेक प्रत ठेवून यायचं. नुकसान काही केलं नाही. पण पुढे जे काही आलं त्याच्या मूळपुरुषांपैकी एक हा. या वॉकरनेच नंतर ऑटोडेस्क कंपनी काढली आणि आपल्याकडच्या सिव्हिलच्या पोरांना ऑटोकॅड दिलं.

१९८२ साली रिच स्क्रेंटा नावाच्या १५ वर्षांच्या पोराने त्याच्या पुढची मजल मारली. हा मित्रांना गेमच्या फ्लॉप्या द्यायचा आणि त्यांत आधीच काहीतरी खोडी करून ठेवायचा. मित्र शहाणे झाले. त्याच्या हातची फ्लॉपी कुणी घेईना. तेव्हा त्याने असा प्रोग्रॅम लिहिला, जो ॲपलच्या कॉम्प्युटरमध्ये एकदा शिरला की पुढच्या प्रत्येक फ्लॉपीवर आपोआप जाऊन बसे आणि दर पन्नासाव्या वेळी मशीन चालू केलं की पडद्यावर कविता दाखवी. शाळेतल्या पोराने केलेल्या कविता सक्तीने ऐकवल्या जाणं म्हणजे काय, हे मी दरवर्षी स्नेहसंमेलनात भोगतो. त्यामुळे याला व्हायरस का म्हणतात ते मला पटकन समजलं.

आपल्या बाजूला ही विद्या यायला वेळ लागला नाही. १९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी 'ब्रेन' व्हायरस काढला. आत स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला. व्हायरस करणाऱ्याने व्हिजिटिंग कार्ड ठेवून जावं, हा सभ्यपणा पुढे राहिला नाही. आणि मग १९९० साली भारतात जो सापडला त्याचं नाव होतं, हसू नका, 'जोशी'. हा वर्षभर गप्प राहायचा. ५ जानेवारीला मशीन सुरू केलं की पडद्यावर हुकूम यायचा, की 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. तेवढी शुभेच्छा दिली की सगळं सुरळीत, नाही दिली तर मशीन ढिम्म. पैसे नकोत, पासवर्ड नको, फक्त वाढदिवसाची दखल घ्या! आमच्या शाळेतल्या जोशी सरांना मी स्टाफरूममध्ये सरळ विचारलं. ते म्हणाले, "माझा वाढदिवस जूनमधला आहे, आणि तो तुमच्यापैकी कुणाला आठवत नाही." यातून संशय कमी झाला की वाढला, ते नक्की सांगता येत नाही.

बाकी व्हायरसने मराठी माणसाला नुसताच त्रास दिला असं म्हणता येणार नाही. रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागले. गिऱ्हाइकांची मशिनं व्हायरसने बंद पडून येतात हे पाहून धाकटे बंधू संजय यांनी त्यांवर औषध लिहिलं. १९९५ च्या सुमाराला त्याचं 'क्विक हील' झालं आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. हे वाचल्यापासून मी आमच्या गावातल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याकडे आशेने पाहतो. ते माझ्याकडे पाहतात आणि म्हणतात, "सर, विंडो टाकून घ्या."

फाइल अजून डाउनलोड्समध्येच होती. शेवटी भाच्याला फोन लावला. नगरच्या इतर हुशार पोरांसारखा तोही हिंजवडीला आहे.

"मामा, विंडोज अपडेट केलंय का? पॅच बसलेत का सगळे?"

मी त्याला चांदबिबीची आठवण दिली. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून आपल्या भुईकोट किल्ल्याचा तट उडवला, तेव्हा बाईंनी स्वतः उभं राहून रातोरात भिंत बांधून घेतली. याला म्हणतात पॅच. आमच्या विंडोजचा अपडेट मात्र चौऱ्याऐंशी टक्क्यांवर येतो आणि लाइट जाते.

"बरं, मग असं करा मामा, फाइल व्हायरसटोटलवर टाका. सगळ्या कंपन्या एकदम तपासतील."

हे प्रकरण मला माहीत नव्हतं. स्पेनमधल्या मालागा शहरात २००४ साली निघालेली ही सोय २०१२ साली गूगलने विकत घेतली. आपण फाइल टाकायची, मग जगभरातले सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस तिच्यावर नजर टाकून आपापलं मत देतात. थोडक्यात, ही स्थळाची चौकशी आहे. मुलगा कसा आहे म्हणून सत्तर जणांना विचारायचं. बहुतेक जण म्हणाले, चांगलाय, काही ऐकिवात नाही. चौघे म्हणाले, मुलगा बरा नाही. आता पंचाईत ही, की त्या चौघांपैकी तिघांचं नाव मी जन्मात ऐकलेलं नव्हतं, आणि चौथ्याचं म्हणणं एका शब्दाचं होतं: 'जेनेरिक'. म्हणजे विशेष असं काही नाही, पण घराणंच तसलं. एखाद्या लग्नात असा निरोप आला की मुलीचा बाप बाकीच्यांचं ऐकत नाही, त्या चौघांच्या मागे लागतो. मीही लागलो.

भाच्याने समजावून सांगितलं ते बरोबर होतं. अँटिव्हायरस दोन प्रकारे ओळखतो. एक, जुन्या गुन्हेगारांच्या खुणा त्याच्या वहीत असतात, त्या जुळतात का ते पाहतो. दोन, खूण जुळली नाही तरी वागणूक पाहतो. जुन्या गेमचं कुलूप तोडलेलं असतं, फाइल दाबून लहान केलेली असते, ती चालताना दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात हात घालते. खरा व्हायरसही हेच करतो. त्यामुळे निरपराध गेम संशयाने धरला जातो आणि कधी खरा चोर नवीन असला तर त्याची खूण अजून कुणाच्याच वहीत नसते, म्हणून सत्तरच्या सत्तर जण त्याला सज्जन म्हणतात. एका मोठ्या कंपनीच्या यादीत तर 'नॉट-अ-व्हायरस' नावाचा एक अख्खा वर्ग आहे. व्हायरस नाही म्हणता, तर मग धरला कशाला?

"म्हणूनच सांगतो मामा, अधिकृत दुकानातून घ्यावं."

अधिकृत दुकानाचंही ऐका. स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं जगातलं सगळ्यात मोठं अधिकृत दुकान. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे 'पायरेटफाय' नावाचा फुकट गेम लागला आणि त्याच्या आत पासवर्ड चोरणारा मालवेअर निघाला. कंपनीने गेम काढून टाकला आणि ज्यांनी तो चालवला होता त्यांना कळवलं, की मशीन नीट स्कॅन करा, आणि खात्रीच हवी असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम पुसून नव्याने घालण्याचा विचार करा. म्हणजे काय? विंडो टाकून घ्या! अब्जावधी डॉलरची कंपनी आणि आमचा खोडरबरवाला, दोघांचा सल्ला एकच निघाल्यापासून बाजारात त्याचा भाव मी वधारलेला पाहतोय.

मग मी गेमबरोबर आलेली 'रीड मी' फाइल उघडली. पहिलीच ओळ: सेटअप चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा. दुसरी ओळ: काही इशारा आला तर घाबरू नका, 'तरीही चालवा' दाबा. कुठल्या सज्जन पाहुण्याने येण्याआधी असा निरोप पाठवलाय? पण आम्ही नगर जिल्ह्याचे. दार उघडं टाकण्याच्या बाबतीत आमच्याइतका अनुभव जगात कुणाला नाही.

नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर सगळ्यांना ठाऊक आहे. परंपरेने तिथे घरांना चौकट असते, दाराची फळी नसते. फार तर कुत्रं-मांजर आत येऊ नये म्हणून एखादं फळकूट टेकवलेलं. कुलूप नाही, कडी नाही. चोरी करणाऱ्याला शनिदेव बघून घेतात अशी श्रद्धा. २०११ साली यूको बँकेने तिथे शाखा उघडली तेव्हा कुलूप नसलेली बँक म्हणून देशभर तिच्या बातम्या झाल्या. आम्ही लहानपणी आजोळी जाताना तिथे उतरायचो. आजी तेल वाहायची आणि आम्ही पोरं लोकांच्या घरांत डोकावून, आत पितळी भांडी खरंच उघड्यावर आहेत का, ते बघायचो. होती.

आणि त्याच शिंगणापूरच्या देवाच्या नावाने २०२५ साली बनावट ॲपचं प्रकरण बाहेर आलं. ऑनलाइन पूजा करून देतो, तेल वाहून देतो म्हणून भाविकांकडून परस्पर पैसे उकळल्याचा आरोप झाला, विधानसभेत तो गाजला, सायबर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. दार नसलेल्या घरातलं पितळेचं भांडं पिढ्यान्‌पिढ्या जागेवर राहिलं, आणि देवाचे पैसे गेले ते फोनमधून. कारण ॲपवर नाव शनिदेवाचं. त्यावर संशय कोण घेणार? घेतला तर साडेसाती!

गेमच्या या डाउनलोडवरून आमच्या शेजारच्या अण्णांनी मला चांगलंच सुनावलं. अण्णा शेवगावकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. संध्याकाळी येऊन माझ्या कॉम्प्युटरकडे ते पिसाळलेल्या जनावराकडे बघावं तसं बघत होते.

"सर, तुम्ही शिकलेली माणसं. आन् असलं कायबाय उतरून घेता व्हय? बँकेचं समदं जाईन ना. लई वंगाळ दिवस आलेत. कुनावर इस्वास ठेवायचा नाय."

मी मान डोलावली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पाथर्डीच्या साडूंचा व्हॉट्सॲप. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' वगैरे, आणि खाली एक फाइल: लग्नपत्रिका डॉट एपीके. दिवस लग्नसराईचे. अण्णांनी चष्मा वर केला आणि फाइल दाबली. फोनने बिचाऱ्याने इशारा दिला, की हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय, घेणं धोक्याचं आहे. अण्णा फोनवर खेकसले, "अनोळखी कशाचं? साडू हैत आमचे!" आणि परवानगी दिली. मग पत्रिकेने विचारलं, तुमचे एसएमएस वाचू का? मी खुर्चीतून उठेपर्यंत अण्णांनी तीही दिली. "वाचू द्या की. पाणीपट्टीचे तर मेसेज हैत."

पत्रिका काही उघडली नाही. पडदा नुसताच पांढरा राहिला. एपीके म्हणजे पत्रिका नसते, अख्खं ॲप असतं. ते एसएमएस वाचतं म्हणजे बँकेचा ओटीपी वाचतं, तो परस्पर आपल्या मालकाकडे धाडतं, आणि मग तुमच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना तुमच्याच नावाने तीच पत्रिका पाठवतं. साडूंच्या फोनचंही तेच झालं होतं. तासाभरात अख्ख्या भावकीला अण्णांकडून लग्नाचं निमंत्रण गेलं. अण्णांच्या दोन्ही मुलांची लग्नं होऊन जमाना झालाय, त्यामुळे लग्न नेमकं कुणाचं, यावर गावाकडे तर्क सुरू झाले. एका चुलत मावशींनी फोन करून, साखरपुड्याला का बोलावलं नाही, म्हणून रडारड केली. अण्णांच्या धाकट्या भावाने तर आडूनआडून, "दादा, या वयात?" असं विचारलं म्हणतात.

आम्ही इकडे १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, बँकेला कळवलं, फोन विमानात घातला, म्हणजे त्या फ्लाइट मोडवर. खात्यातून मात्र एक रुपयाही गेला नाही. कारण अण्णांच्या पेन्शनच्या खात्याला त्यांचा मोबाइल नंबर जोडलेलाच नव्हता. केवायसी करून घ्या, केवायसी करून घ्या म्हणून बँक किती दिवस कानीकपाळी ओरडत होती, आणि अण्णा उन्हं कमी झाली की जातो म्हणत होते. सायबर सुरक्षेच्या कुठल्याही पुस्तकात हा उपाय छापलेला नाही, आणि छापूही नये.

माझ्या गेमची सत्तर ठिकाणी चौकशी झाली. साडूंच्या पत्रिकेची एका ठिकाणीही झाली नाही. अण्णा ते मान्य करत नाहीत. त्यांच्या मते व्हायरस माझ्या कॉम्प्युटरमधून भिंतीवाटे त्यांच्या फोनमध्ये गेला, कारण त्या वेळी ते माझ्याकडेच बसलेले होते. बिल्डिंगमध्ये बहुमत त्यांच्या बाजूने आहे.

गेम मी शेवटी चालवला. माळ्यावर जुना कॉम्प्युटर होता, त्याला नेट नाही, त्याच्यात कसले फोटो नाहीत, कुठली बँक नाही. पेन ड्राइव्हने गेम त्यात घातला आणि तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या कुठल्याच मशीनला लावायचा नाही असं घरात जाहीर केलं. गेम चालतो. सौभाग्यवती माझ्यापेक्षा चांगला खेळतात आणि लाथ मारताना त्यांना फार विचार करावा लागत नाही. आत आणखी कुणी बसलं असेल तर त्याला आमच्या माळ्यावर झुरळांखेरीज काही मिळणार नाही.

तेव्हा आप्तेष्टांना विनंती. येत्या लग्नसराईत आमच्याकडे पत्रिका छापील द्यावी, अक्षता आणाव्यात, चहा घेऊन जावं. एपीके स्वीकारली जाणार नाही, मग ती साडूंची असो नाहीतर साक्षात शनिदेवाची. आणि अशी पत्रिका कुणी उघडून बसलंच, पैसे गेलेच, तर भावकीच्या ग्रुपवर चर्चा मागाहून करा. आधी १९३० लावा. जितक्या लवकर लावाल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त.